भवानीआधीचा पैसा

कुरुंद्याच्या आठवडी बाजारात खतीजाबीइतकी भित्री बाई दुसरी नव्हती. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तर ती देऊन टाकायची, वर एक फळ जास्त घालायची. जाताना त्याने तोंड वाकडं करू नये, एवढंच तिला हवं असायचं. नवरा फकीर शिरड शहापूरकडच्या माळावरून सीताफळं घेऊन यायला जरा उशीर झाला, की ती शेजारणीला हळूच विचारायची, "विंचू चावल्यावर आधी काय लावायचं गं?" फकीरला आयुष्यात कधी विंचू चावला नाही. खतीजाबीच्या मनात मात्र तो हजारदा चावून गेला होता.

याच बाईमुळे एका सकाळी कुरुंद्याचा सगळा बाजार ताटकळत उभा राहिला.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षीची, दसरा-दिवाळीच्या मधली ही गोष्ट. राज्य निजामाचं. बाजारपट्टीची दरवर्षी चावडीवर हर्रास व्हायची. सगळ्यात चढी बोली बोलणारा तो वर्षाचा गुत्तेदार. त्याने सरकारात एकरकमी पैसा भरायचा आणि मग वर्षभर बाजारात बसणाऱ्यांकडून तो वसूल करायचा. नियम एकच आणि तोही तोंडी: टोपलं जमिनीला टेकलं, की एक पैसा पट्टी.

गेली तीन-चार वर्षं हा गुत्ता भुजंगराव आडत्याकडे होता. त्याचं दुकान बाजाराच्या तोंडाशी, दगडी ओट्यावर. लढाईच्या वर्षांत हळदीने आणि कापसाने ते इतकं फुगलं, की मागे दोन गोदामं निघाली. पण ओटा काही बाजाराच्या जमिनीत धरत नसत, म्हणून ओट्यावरच्या दुकानाला पट्टी नव्हती. मेथीच्या चार जुड्या घेऊन बसलेल्या म्हातारीला पट्टी, हळदीच्या पोत्यांच्या थप्पीला नाही. याचं कुणाला नवलही वाटत नसे. पाणी उताराकडे जातं तशी पट्टी टोपल्याकडे जाते, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

नवल वाटायचं ते ज्ञानबा धनगराच्या बोलण्याचं. ताडमाड उंच माणूस, मेंढरं घेऊन पैनगंगेच्या पल्याड वऱ्हाडात जायचा. तिकडे इंग्रजाचा अंमल. परत आला की घोंगड्या विकता विकता सांगायचा, "तिकडं कमाईवर पट्टी हाय. शेटची कमाई मोठी तर पट्टीबी मोठी. न् ज्याची कमाई थोडी, त्याला कोन इचारीतबी न्हाई."

त्याची बायको यशोदाबाई लोण्याचं गाडगं पुढ्यात घेऊन बसलेली असायची. ती मान न वळवता म्हणायची, "व्हय, न् तिकडं मेंढरं अंडी घालत्यात."

सगळ्या बाया हसायच्या. खतीजाबीसुद्धा हसायची, पण आधी संतराम जवळपास नाही ना, हे बघून.

संतराम म्हणजे भुजंगरावाचा पट्टी गोळा करणारा माणूस. उजाडलं की कमरेला कातडी पिशवी लावून तो बाजारात शिरायचा आणि तडक खतीजाबीपुढे येऊन हात पसरायचा. तिच्या हाताला गुण आहे, असं त्याने पक्कं धरलं होतं. पहिला पैसा तिच्याकडून मिळाला, की दिवसभर कुणी हुज्जत घालत नाही. एकदा तो दुसऱ्याच टोकाकडून सुरू झाला, तर त्या दिवशी त्याला बैलाने लाथ मारली होती.

आता पहिल्या विक्रीचा पैसा म्हणजे भवानी. खतीजाबी तिला बोनी म्हणायची, यशोदाबाई भवानी म्हणायची. मानत मात्र दोघी सारखंच होत्या. दिवसाचा पहिला पैसा आत यावा. बाहेर जाऊ नये. गेला, तर त्याच्या मागे दिवसभराचं सुख चालू लागतं. आणि खतीजाबीची कथा अशी, की तिची स्वतःची भवानी व्हायच्या आत ती दर बाजारी संतरामची भवानी करून द्यायची. आदल्या बाजारचा एक पैसा त्यासाठी ती पदराच्या गाठीत मारून आणायची. जीव चुटपुटायचा, पण नाही म्हणायची तिची छाती नव्हती.

दीड वर्षामागे तिची लेक इशरत पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या तो नेमका बाजारचा दिवस. खतीजाबीने नेहमीसारखा पैसा दिला, घाईने चार फळं विकली आणि घरी धावली. दारात सुईण मदीनाबी खाली मान घालून बसली होती. पोर जन्मलं होतं, पण रडलं नव्हतं.

कुणी तिला दोष दिला नाही. दिला तो तिनेच स्वतःला. तो पैसा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. संतरामच्या पिशवीत पडताना तो कसा वाजला, तेही तिला ऐकू यायचं.

आणि आता इशरत दुसऱ्यांदा माहेरी आली होती. खतीजाबी तिला उंबऱ्यावर बसू देत नव्हती, सावलीत जास्त वेळ झोपू देत नव्हती, उन्हात तर नाहीच नाही. "अम्मा, मी श्वास तरी घेऊ का?" असं इशरतने एकदा विचारलं, तर म्हणाली, "घे, पन हळू."

बाजारच्या दिवशी पहाटे इशरतच्या कळा सुरू झाल्या.

मदीनाबी आली. तिने बाह्या वर सारल्या, पाणी तापत ठेवायला लावलं आणि मग खतीजाबीकडे बघितलं. खतीजाबी एकच तांब्या तिसऱ्यांदा घासत होती.

"तू बाजारला जा," मदीनाबी म्हणाली.

"मी? आज?"

"फळांनी डोळे उघडल्यात. उद्याच्याला मऊ पडून वाया जातील. न् तू हितं बसलीस तर मला दोन बाळंतिणी सांभाळाव्या लागतील. जा."

"मदीनाबी, मागच्या टायमाला..."

"मागच्या टायमाची कहाणी सांगू नको. काय झालं तर मीच येते सांगायला."

खतीजाबीने डोक्यावर चुंबळ ठेवली, फकीरने वर टोपलं चढवलं, आणि ती निघाली. वाटेत तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आज हातातून पैसा जायला नको. काही झालं तरी भवानीआधी नको. पण संतराम तर येणारच. त्याला नाही कसं म्हणायचं? भांडायचं कसं, हे तिला ठाऊकच नव्हतं. बाजाराच्या कडेच्या लिंबाखाली तिची नेहमीची जागा आली. ती वाकणार, तेवढ्यात तिला नियम आठवला. टोपलं जमिनीला टेकलं, की पट्टी.

ती तशीच सरळ झाली. टोपलं डोक्यावर ठेवून उभी राहिली.

खरं तर तिचा बेत एवढाच होता. कुणी येईल, उभ्याउभ्याच एखादं फळ घेईल, भवानी होईल. मग टोपलं खाली आणि संतरामला त्याचा पैसा. कुणाशी वाकडं नाही, कुणाचा कायदा मोडणं नाही.

संतराम आला, हात पसरला. मग वर बघितलं.

"खाला, टोपलं उतरव की."

"उतरवते बाबा. भवानी होऊ दे."

"माझा पैसा दे, मग भवानी कर."

"टेकलं कुठं अजून?"

संतरामने खाली बघितलं. टोपलं खरोखरच टेकलं नव्हतं. त्याने खतीजाबीच्या पायांभोवती एक चक्कर मारली. नियमात आणखी कुठे फट दिसते का, बघत होता जणू. "मानेवर दगड ठिवल्यागत काहून उभी ऱ्हायलीस? तुझी पट्टी घेतल्याबिगर मी फुडं जात न्हाई, ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय. म्हनूनच उभी हाय मी."

तो खरंच पुढे गेला नाही. त्या वेळची बैलाची लाथ त्याच्या मांडीला अजून आठवत होती. तिथेच उकिडवा बसला आणि तंबाखू मळू लागला. सूर्य कासराभर वर आला. माळवं घेऊन आलेल्या बाया आपापल्या जागी बसल्या होत्या, आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की आज आपल्याकडे कुणी पट्टी मागायला येत नाही. जोवर खतीजाबी उभी, तोवर संतराम बसलेला.

"खतीजा," यशोदाबाई हसू दाबत म्हणाली, "मान दुखली तर सांग. लोनी लावते."

"यशोदाबाय, माझं एक फळ घे गं. भवानी होऊ दे."

यशोदाबाईचा हात कनवटीकडे गेला आणि थबकला. "घेतलं असतं गं बाई. पन माझी भवानी कुठं झाली अजून?"

पलीकडच्या मेथीवालीचीही झाली नव्हती. मिरच्यावालीचीही नाही. पैसे सगळ्यांच्या पदरात थोडेफार होते, पण पहिला हात कोण सोडणार? खरेदी करणारी माणसं आता येऊ लागली होती. खेड्यावरचा एक म्हातारा सीताफळं बघून थांबला. संतराम उठला. "हितं न्हाई. पट्टी न भरलेल्या टोपल्यातलं जो घेईल, तेच्याकडून पट्टी घेईन." म्हातारा पुढे सरकला.

खतीजाबीच्या मानेतून कळ निघून पाठीत उतरली. घरी इशरतच्या कळा कुठवर आल्या असतील, हे ती आपल्या पाठीवरून जोखू लागली. मी उभी आहे तोवर ती ठीक आहे, असं तिने मनाशी धरलं. मी टेकले, की संपलं.

ही बातमी भुजंगरावाच्या ओट्यावर पोहोचायला कितीसा वेळ लागणार? धोतराचा सोगा सावरत तो स्वतः आला. मागे त्याचे दोन हमाल.

"काय तमाशा हाय रे?"

संतरामने सांगितलं. भुजंगराव काही मूर्ख नव्हता. त्याने उभ्या खतीजाबीकडे बघितलं, मग ओळीने बसलेल्या बायांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि त्याला पुढचं सगळं दिसलं.

"आज हिला सोडलं तर उद्या सगळा बाजार म्हनंल, भवानी व्हायचीय. न् संध्याकाळपस्तोर ज्याचं काईच इकलं न्हाई, तेची पट्टी कोन भरील? मी? पट्टी बसायची असती, इकल्याची न्हाई. संतराम, हिला ऱ्हाऊ दे हितंच. दुसऱ्यापासून सुरू कर."

संतरामचं तोंड उतरलं, पण मालकाचा शब्द. तो यशोदाबाईपुढे गेला आणि हात पसरला.

यशोदाबाईने त्याच्याकडे बघितलं, खतीजाबीकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी लोण्याचं गाडगं उचललं आणि डोक्यावर ठेवून उभी राहिली. "टेकलं न्हाई बाबा."

मेथीवाली उठली. तिच्या जुड्या हलक्या, तिने त्या एका हाताने पेलल्या. मिरच्यावाली उठली. वांग्यांचं टोपलं जड होतं, ते दोघींनी मिळून एकीच्या डोक्यावर चढवलं. बघता बघता लिंबापासून वेशीपर्यंत बाया उभ्या. कुणी हसत होती, कुणी दम टाकत होती, एकीचे भोपळे घरंगळून गेले तर चौघी पायाने अडवत होत्या. संतराम एकीकडून दुसरीकडे फिरत होता आणि प्रत्येकीच्या पायाशी वाकून बघत होता. सबंध बाजारात जमिनीला टेकलेलं एकही टोपलं नव्हतं.

"आता त्यांच्या सावलीवर पट्टी लावा शेट," ज्ञानबा मागून म्हणाला. "ती टेकलीय बघा."

हशा पिकला. भुजंगरावाचा चेहरा लाल झाला. "तू गप रे. वऱ्हाडातली अक्कल हितं नको."

हे सगळं आपल्यामुळे चाललंय, हे बघून खतीजाबी इतकी घाबरली की तिला वाटलं, टोपलं टाकावं आणि पळत सुटावं. शेट रागावलेत, बाया उभ्या आहेत, आता पोलीस येतील, फकीरला चावडीत नेतील. पण त्या सगळ्या भीतींहून एक भीती मोठी होती, आणि तीच तिला उभं धरून होती.

ज्ञानबाने तिची मान थरथरताना बघितली. तो मागे येऊन उभा राहिला आणि आपल्या लांब हातांनी टोपल्याचे काठ वरच्या वर उचलून धरले.

"हे चालनार न्हाई," भुजंगराव म्हणाला.

"जमिनीला टेकलं का शेट?"

तेव्हा यशोदाबाई पुढे झाली. एका हाताने डोक्यावरचं गाडगं धरून तिने दुसरा हात भुजंगरावापुढे पसरला. "शेट, एक पैसा द्या."

"कशाचा?"

"कशाचाबी द्या. तुमी दुकानात बसता, मी हितं बसते. द्या की. तुमाला एका पैशानं काय व्हतंय?"

भुजंगरावाचा हात बंडीच्या खिशाकडे गेलाही नाही. तो चटकन मागे सरकला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सकाळच्या पारी? अजून भवानी न्हाई झाली माझी."

आधी मेथीवाली म्हातारी खुदकन हसली आणि तिच्या जुड्या खाली पडता पडता राहिल्या. आणि मग सगळा बाजार हसला. हमालही तोंड फिरवून हसले. आपण काय बोललो ते भुजंगरावाला कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा बोललेला शब्द परत घेता येईना.

"पोत्यांच्या थप्पीवाल्याला भवानी लागती," यशोदाबाई शांतपणे म्हणाली, "न् पानाच्या जुडीवालीला लागत न्हाई व्हय?"

"या बाईपुढं कुनाला फिरकू देऊ नका," भुजंगराव हमालांकडे वळून ओरडला. त्याच्याजवळ आता तेवढंच उरलं होतं. "बघू किती येळ उभी ऱ्हाते."

हमाल खतीजाबीपुढे आडवे झाले. आणि त्यांच्या खांद्यांवरून खतीजाबीला दिसलं, की वेशीकडून मदीनाबी येत आहे.

काय झालं तर मीच येते सांगायला, असं ती म्हणाली होती. खतीजाबीने तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांपुढे सगळं हलत होतं. मागच्या वेळी ती दारात बसून राहिली होती. आज चालत येते आहे. हे बरं की वाईट? चालताना हात हलवते आहे. तेही बरं की वाईट? डोक्यावरच्या टोपल्याचं वजन एकदम नाहीसं झालं. अंगात राहिले होते ते फक्त कान.

हमालाने हात आडवा केला. "फुडं न्हाई."

मदीनाबी थांबली. त्याला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "तुला मीच बाहेर काढलाय मेल्या. तवाबी असाच आडवा आला होतास. सरक."

तो सरकला. दुसरा तिने सांगायच्या आत सरकला.

"पोरगी झाली," मदीनाबी खतीजाबीला म्हणाली. "रडून रडून घर डोक्यावर घेतलंय. इशरत बरी हाय. भूक लागली म्हनती."

खतीजाबीच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं. पुसायला हात मोकळा नव्हता. बातमी आणणाऱ्या सुईणीच्या हातावर काही ठेवायचं असतं, एवढं मात्र तिला आठवलं आणि ती कशीबशी म्हणाली, "मदीनाबी, तुला द्यायला... पन माझी भवानी व्हायचीय."

"मग मीच करते. पहाटेपासून उपाशी हाय." मदीनाबीने कमरेची गाठ सोडली आणि एक पैसा काढला.

"अगं, तुझी तरी झाली का?" यशोदाबाईने विचारलं.

"माझी कवाच झाली," मदीनाबी म्हणाली. "रडत आली, पन आली."

तिने तो पैसा खतीजाबीच्या हातात ठेवला. ज्ञानबाने वरून एक फळ काढून तिला दिलं. मग खतीजाबीने, ज्ञानबाने आणि एका हाताने गाडगं सावरत यशोदाबाईने मिळून टोपलं सावकाश खाली उतरवलं आणि ते जमिनीला टेकलं. सगळा बाजार बघत होता. खतीजाबीने संतरामला हाक मारली, तोच पैसा कपाळाला लावला आणि त्याच्या हातावर ठेवला. "घे बाबा. मी म्हनले होते ना, भवानी झाली की देते."

संतरामने चोरून मालकाकडे बघितलं आणि मग त्यानेही तो पैसा कपाळाला लावला. त्याचीही भवानी झाली होती. मोठ्या उमेदीने तो यशोदाबाईकडे वळला.

"भवानी व्हायचीय," यशोदाबाई म्हणाली.

मेथीवाली म्हणाली, "माझीबी." आणि हे शब्द ओळीने वेशीपर्यंत गेले. भुजंगराव कधी ओट्यावर परतला ते कुणी बघितलंही नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तेही सगळं इथेच उभं होतं. संतराम थोडा वेळ उभा राहिला, मग लिंबाखाली बसला आणि जिची विक्री व्हायची तिच्याकडे उठून जाऊ लागला. मेथीवालीच्या दोन जुड्या दुपारी गेल्या, तेव्हा तिने पैसा दिला. भोपळेवालीचा एकही भोपळा गेला नाही. तिने दिला नाही. कुरुंद्यात पुढे तीच रीत पडली. आधी भवानी, मग पट्टी. ओट्यावरच्या दुकानाला पट्टी तेव्हाही नव्हती. पण वऱ्हाडातल्या कमाईवरच्या पट्टीची गोष्ट ज्ञानबाने त्यानंतर सांगितली, तेव्हा यशोदाबाईने मेंढरांच्या अंड्यांचा विषय काढला नाही. तिने विचारलं, "मग तिकडं शेटच्या दारात जातंय कोन, मागायला?"

हे सगळं खतीजाबीने नंतर ऐकलं. टोपलं यशोदाबाईच्या हवाली करून ती तेव्हाच पळत सुटली होती. पळतानाही मान ताठ. डोक्यावर काही नव्हतं, तरी लोक वाटेतून बाजूला होत होते.

घरात इशरत भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते लालबुंद गाठोडं, मुठी आवळून रडणारं. खतीजाबी जवळ गेली, वाकायला लागली आणि तिथेच अडली. मान खाली होईना. डावीकडे होईना, उजवीकडे होईना. सकाळपासून ज्या मानेने टोपलं पेललं होतं, ती आता नातीकडे बघायला वाकायला तयार नव्हती.

"अम्मा, बघ की," इशरत म्हणाली. "वर काय बघतीस?"

"मला दिसंना गं," खतीजाबी आढ्याकडे बघत म्हणाली. "रडती हाय ना? तेवढं ऐकू येतंय."

मागून आलेल्या मदीनाबीने सीताफळाच्या बिया अंगणात थुंकल्या, हात धुतले, पोरीला उचललं आणि दोन्ही हातांवर वर, खतीजाबीच्या तोंडासमोर धरलं.